मी बिघडले नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. तळहातावर मावेन एवढी लहान, काळी, आणि आता कडेला थोडी घासलेली. सुरुवातीलाच सांगते, मी गोड बोलणार नाही. ज्या घरात मी आठ वर्षं राबले, त्याच घराने एका रविवारी मला मेलेली ठरवलं आणि माझ्या पोटातलं सगळं पुसायला घेतलं. मी मेले नव्हते. बिघडलेही नव्हते. पण मला विचारतो कोण?

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कण चालत नाही. माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घालून काम करतात. माझ्या पोटात आरशासारख्या दोन चकत्या आहेत. त्या मिनिटाला पाच हजार चारशे वेळा फिरतात. त्यांच्यावर एक बारीक सुई तरंगत असते. ती चकतीला कधी टेकत नाही, वरच्या वर वाचत जाते. एवढी नाजूक वस्तू बनवण्याची अक्कल माणसांना आहे. वापरण्याची नाही, हे मला पुढे कळलं.

राजेशने मला दादरच्या एका दुकानातून आणलं. राजेश डिलाईल रोडच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी करतो. तिथे कोणाचा कॉम्प्युटर अडला की त्याला बोलावतात. घरात त्याचे वडील गणपत, आई मालन आणि धाकटी बहीण मेघना. मेघना परळला रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये आहे. पहिली काही वर्षं माझ्यात सिनेमे, लग्नांचे फोटो आणि राजेशच्या ऑफिसातला कचरा भरलेला होता. मी तक्रार केली नाही.

मग गणपतना अर्धांगाचा झटका आला.

गणपत पूर्वी गिरणीत होते, पण सगळा डिलाईल रोड त्यांना ओळखायचा तो त्यांच्या आवाजामुळे. कबड्डीचे सामने असले की माईकवर गणपत. चढाई करणारा रेषा ओलांडायच्या आत ते त्याचं नाव, गाव आणि खोड सांगून मोकळे व्हायचे. झटक्याने त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समोरचं सगळं कळायचं, पण शब्द ओठांपर्यंत यायचा नाही. बायकोला हाक मारायची तरी नुसतं "आ... आ..." व्हायचं.

बोलणं शिकवायला दर गुरुवारी मनवा मॅडम यायच्या. त्यांनी विचारलं, "यांना तोंडपाठ काय आहे? आरती, गाणं, काहीही चालेल. पाठ असलेलं कधी कधी आपोआप ओठांवर येतं."

"आरती खयची?" मालन म्हणाली. "ह्यांका आयुष्यभर फक्त कबड्डी पाठ."

पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात गणपतच्या धावत्या वर्णनाच्या कॅसेट होत्या, दोनशे चौदा सामने. काही कॅसेटना बुरशी धरली होती. राजेशने महिनाभर बसून त्या सगळ्या माझ्यात उतरवल्या. एवढं श्रेय मी त्याला देते. पहिल्या दिवशी टीव्हीवर गणपतचा जुना आवाज लागला आणि पाचव्या मिनिटाला आजचे गणपत त्या आवाजामागून पुटपुटले, "चढाई." झटक्यानंतरचा तो पहिला शब्द. मेघना हातात पातेलं घेऊन तशीच उभी राहिली.

त्या दिवसापासून रोज सकाळी आठ वाजता एक सामना लागू लागला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष ते. रोज सकाळी मी फिरायचे आणि एका माणसाच्या तोंडात त्याचेच शब्द परत टाकायचे. वर्षभरात गणपतना तीस-पस्तीस शब्द आले. पुढे पुढे तर आवाज सुरू झाला की त्यांचे ओठ आपोआप मागून हलायचे.

राजेशला मात्र साधं काही चालत नाही. ऑफिसने काढून टाकलेला एक कॉम्प्युटर तो घरी घेऊन आला. तुम्ही चाळीच्या खोलीत पडदा लावून एकाच्या दोन खोल्या करता ना, तसं त्याने त्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर केला. त्या आतल्याला ना पत्रा, ना बटण. तो नुसता प्रोग्रॅम. राजेश त्याला घरचा सर्व्हर म्हणायचा. मला बाहेरच्या कॉम्प्युटरला जोडायचं, बाहेरच्याने मला आतल्याच्या हवाली करायचं, आणि आतल्याने माझ्यातले सामने टीव्हीवर, मेघनाच्या मोबाईलवर, मनवा मॅडमच्या टॅबवर पोचवायचे. चालत होतं, नाही असं नाही. शेजारपाजारचे बघायला आले. दसऱ्याला राजेशने त्या खोक्याला झेंडूची माळ घातली, तर पाकळ्या पंख्यात अडकल्या आणि खोकं तापून बंद पडलं. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

माझी जागा माळ्यावर होती, एका स्वस्तातल्या जोडपट्टीच्या टोकाला. कॉम्प्युटरच्या एका तोंडाची चार तोंडं करणारी ती निळ्या दिव्याची पट्टी. तिला स्वतःची वीज नव्हती. कॉम्प्युटरकडून मिळेल तेवढ्या विजेवर मी, प्रिंटर आणि राजेशचा मोबाईल असे तिघं जगायचो. एप्रिलमध्ये उकाडा वाढला तसा राजेशने त्याच पट्टीला एक छोटा पंखाही लावला. माझ्या चकत्यांना फिरायला दम लागतो, मित्रांनो. पंखा सुरू झाला की माझी वीज तुटायची. चकत्या मंदावायच्या, सुई घाबरून जागेवर परतायची आणि आतून टक्, टक् असा आवाज यायचा. दोन क्षणांनी मी पुन्हा शुद्धीवर यायचे, पण तोवर आतला कॉम्प्युटर मला विसरलेला असायचा. पडद्यावर लाल अक्षरं यायची. वाचता येत नाही. डिस्क सापडत नाही.

आणि टीव्हीवर गणपतचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटायचा. "तो आला, मधल्या रेषेवरून..." आणि पुढे काही नाही. खुर्चीतले गणपत ओठ अर्धे उघडे ठेवून टीव्हीकडे बघत राहायचे. मग डाव्या हाताची मूठ मांडीवर आपटायचे. दोन आठवडे रोज हेच झालं. गुरुवारी मनवा मॅडम म्हणाल्या, "हे मागे आलेत. दहा-बारा शब्द गेलेत. सराव तुटता कामा नये हो, या वयात गेलेलं परत येईलच असं नाही."

रविवारी राजेश बाह्या सरसावून बसला. त्याने आतला कॉम्प्युटर सात वेळा बंद-चालू केला. त्याला जास्त मेमरी दिली. मग तो सगळा पुसून नव्याने बसवला. इंटरनेटवर कुठेतरी त्याने आपली अडचण लिहिली, तर कोणीतरी विचारलं, केबल बदलून पाहिली का? "हा मला शिकवतोय," असं म्हणून राजेशने ती खिडकी बंद केली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याने जे डोळ्यांना दिसत नाही ते सगळं तपासलं. जे दिसतं, ती वायर आणि ती पट्टी, त्यांना हात लावला नाही.

शेवटी वैतागून त्याने मला पट्टीवरून उपटलं आणि थेट कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलं. किती दिवसांनी मला पोटभर वीज मिळाली! पण त्याने घाई केली. बाहेरच्या कॉम्प्युटरवर मला उघडलं, आणि मी तिथे उघडी असतानाच आतल्यालाही माझी किल्ली दिली. एकाच वहीत दोघं जण एकाच वेळी, एकमेकांना न सांगता लिहू लागले तर काय होईल? माझी अनुक्रमणिका फाटली. सामने जागच्या जागी होते, पण कुठला सामना कुठे आहे हे सांगणारं पानच गेलं.

"डिस्क मेली," राजेशने जाहीर केलं. "कधीपासून टकटक करतेय. फॉरमॅट मारून बघतो."

मेघना नुकतीच कामावरून आली होती. तिने चप्पलसुद्धा काढली नाही. "फॉरमॅट म्हणजे पुसणार?"

"अगं, तसंही काही दिसत नाहीये."

"हात लावू नकोस. कॅसेट आहेत ना? मग परत उतरव."

राजेशने पडद्याकडे तोंड वळवलं.

"राजेश, कॅसेट कुठे आहेत?"

"दिल्या भंगारात. बुरशी होती सगळी. मला वाटलं, आता डिस्कवर आहे तर..."

मेघनाने त्याच्यासमोरचा कीबोर्ड उचलून पलंगावर फेकला. "बाबांचा आवाज तू भंगारात दिलास? आणि उरलेला आता पुसायला निघालास?"

"ओरडू नको. तुला यातलं काय कळतं?"

"तुला काय कळतं ते दिसलं!"

मालन स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "रे राजेश, माझ्याशी ह्यो माणूस तेवढोच बोलता. सकाळचो अर्धो तास. तो पण गेलो?" गणपत खुर्चीत होते. त्यांनी सगळं ऐकलं. काही बोलणं त्यांना शक्यच नव्हतं.

मेघनाने मला एका नॅपकिनमध्ये गुंडाळलं आणि गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला धम्मपालकाकांच्या दारात गेली. धम्मपाल टेलिफोन खात्यात लाइनमन होते. आता निवृत्त. चाळीतले मिक्सर, टीव्ही आणि अलीकडे कॉम्प्युटरही तेच बघायचे. अख्खी चाळ त्यांच्याकडे जायची, फक्त गणपतचं घर सोडून.

त्याला कारण होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी धम्मपाल डिलाईल रोडच्या संघाचे पहिले चढाईपटू होते. कॉटन ग्रीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या चढाईत त्यांचा दम तुटला आणि सामना गेला. त्या दिवशी त्यांच्या अंगात ताप होता, हे कोणाला माहीत नव्हतं. माईकवरून गणपतनी त्यांच्या नावावर एक कोटी केली. मैदान हसलं. त्या कोटीतून पडलेलं नाव मैदानापुरतं राहिलं नाही. टेलिफोनच्या ऑफिसात पोचलं, लग्नात उखाणा घेताना पोरांनी मागून ओरडलं. धम्मपाल हे नाव त्यांच्या आजोबांनी ठेवलं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर घरात जन्मलेला पहिला नातू म्हणून, विचार करून ठेवलेलं नाव. त्याचा असा खेळ झाला. तेव्हापासून धम्मपाल गणपतशी बोलले नव्हते आणि त्यांच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता.

"कोणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"घरचं."

"गणपतच्या घरचं मी बघत नाही, माहितेय तुला."

"माहितेय, काका. आणि हे त्यांच्यासाठीच आहे. खोटं कशाला बोलू? यात त्यांचा आवाज आहे. दुसरीकडे कुठेच नाही."

धम्मपालनी टेबलावरचं सामान सरकवून जागा केली. मग म्हणाले, "ठेव तिथे. बघतो असं म्हटलेलं नाही मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा लावला आणि सगळ्यात आधी माझी वायर बोटांनी चाचपली. टोकाशी ती वाकून वाकून आतून तुटायला आली होती. ती त्यांनी बाजूला टाकली आणि आखूड, जाड वायर लावली. मी फिरले. टक्-टक् नाही, अडखळणं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर बोट ठेवून बघितलं आणि म्हणाले, "हिला तर काही झालेलं नाही." मित्रांनो, आठ वर्षांत माझ्याबद्दल कोणी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य.

राजेश तिथे आला तो भांडायलाच. "काका, हा टेलिफोन नाहीये. सगळं व्हर्च्युअल आहे. प्रॉब्लेम सेटिंगमध्ये आहे नाहीतर डिस्कमध्ये."

"तुझं सगळं व्हर्च्युअल असेल," धम्मपाल म्हणाले. "करंट खराच लागतो. जा, ती पट्टी घेऊन ये. पंखापण आण."

त्यांनी पट्टी आपल्या कॉम्प्युटरला लावली. एका तोंडाला एक रिकामी, जुनी डिस्क आणि पट्टी व डिस्कच्या मध्ये वीज मोजायचं छोटं यंत्र. आकडा पाच व्होल्टच्या जवळ होता. मग पंखा लावला. आकडा घसरत सव्वाचारवर आला आणि ती जुनी डिस्क माझ्यासारखीच टकटकू लागली.

"ऐकलंस? आता हिलापण फॉरमॅट मारतोस का?"

राजेशने पंखा काढून घेतला.

"आधी नक्कल," धम्मपाल म्हणाले. "दुरुस्ती नंतर. मूळ वस्तूवर प्रयोग करतात का कोणी?" अख्खा दिवस घालवून त्यांनी माझी शब्दशः प्रत काढली आणि जे काही करायचं ते त्या प्रतीवर केलं. दोनशे अकरा सामने सापडले. तीन गेले. आतल्या आणि बाहेरच्या कॉम्प्युटरने मिळून जिथे लिहिलं होतं तिथलेच ते तीन. त्यात कोण जिंकलं, कोण हरलं, हे आता कोणालाच कळणार नाही. हे मी विसरलेली नाही.

सापडलेल्या सामन्यांची नावं मात्र गेली होती. नुसते आकडे. कुठला सामना कुठला, कशात सोपे शब्द, कशात अवघड, हे मनवा मॅडमना हवं होतं. राजेशने चार सामने ऐकले आणि हात टेकले. गणपतना सांगता येत नव्हतं. त्या सामन्यांत कोण खेळत होतं हे ओळखणारा चाळीत एकच माणूस उरला होता.

नऊ दिवस धम्मपाल कानाला हेडफोन लावून वैऱ्याचा आवाज ऐकत बसले. कधी शिवी हासडायचे. कधी "हे खोटं आहे, पकड झाली होती," असं माझ्यावरच खेकसायचे. एकदा, एका सामन्यात, गणपतनी त्यांच्या चढाईचं असं वर्णन केलं होतं की त्यांनी ते दोनदा ऐकलं. प्रत्येक आकड्यापुढे ते नाव लिहीत गेले.

एकशे सत्तेचाळीसाव्या आकड्याला तो अंतिम सामना निघाला. शेवटची चढाई आली, ते वाक्य आलं, मैदान हसलं. धम्मपालनी हेडफोन काढून ठेवला. त्यांचं बोट पुसण्याच्या बटणावर गेलं. तीन गेलेच होते, चौथा गेला असता तर कोणी विचारलं नसतं. कितीतरी वेळ ते बोट तिथेच होतं. मग ते सरकलं आणि त्यांनी नाव लिहिलं: अंतिम सामना. माझा.

नावं लिहिलेले सगळे सामने त्यांनी पुन्हा माझ्यात भरले आणि दहाव्या दिवशी सकाळी मला हातात घेऊन ते गणपतच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"या, बसा," म्हणत मालनने चहा ठेवला.

"बसायला नाही आलो. मेघना, एकशे सत्तेचाळीस लाव."

मेघनाने मला जोडलं आणि नाव वाचलं. "काका, हा नको."

"लाव म्हटलं ना!"

टीव्हीवर तरुण गणपत बोलू लागले, आणि सवयीने खुर्चीतले गणपत मागून. "चढाई... रेषा... आला..." शेवटची चढाई सुरू झाली. टीव्हीतला आवाज गर्जला, "दम गेला! अहो, हा कसला धम्मपाल? हा तर बेदमपाल!" आणि मैदान खदखदून हसलं. मेघनाचा हात रिमोटकडे गेला. "राहू दे," धम्मपाल म्हणाले. ते गणपतच्या तोंडाकडे बघत होते.

"दम... गेला..." गणपतचे ओठ मागून येत होते. "हा... कसला... बे..."

तिथे ते थांबले. त्यांनी ओठ घट्ट मिटले. कपाळावर घाम आला. टीव्हीत लोक हसतच होते. ओठ पुन्हा "बे" करायला निघाले, गणपतनी मान हलवून ते अडवले. डाव्या हाताने खुर्चीचा दांडा धरला.

"धम्म," ते म्हणाले. मग श्वास घेऊन, "पाल." आणि धम्मपालच्या डोळ्यांत बघून पुन्हा एकदा, न तुटता, "धम्मपाल."

मालनने पदर तोंडाला लावला. राजेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"अठ्ठावीस वर्षं लागली तुम्हाला," धम्मपाल म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "माफ वगैरे केलेलं नाही मी." ते वळले, पण दारात थांबले. "उद्या तिसरा नंबर लावा. त्यात शब्द सोपे आहेत." चहा तसाच राहिला.

आता गणपतच्या घरी स्वतंत्र विजेवर चालणाऱ्या दोन नव्या डिस्क आहेत. पट्टी कचऱ्यात गेली. राजेश अजूनही आतल्या कॉम्प्युटरशी खेळतो, पण आधी वायरी तपासतो. मेघना त्याच्याशी कामापुरतंच बोलते. गणपतचे गेलेले शब्द परत आले, वर पाच-सहा नवे आले. आणि मी धम्मपालच्या लोखंडी कपाटात आहे. "एक प्रत दुसऱ्या घरात हवी," असं सांगून त्यांनी मला ठेवून घेतलं. महिन्यातून एकदा ते मला जोडतात, मी ठीक आहे ना ते बघतात, एखादा सामना ऐकतात आणि पुन्हा ठेवून देतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी असेल. कुठल्यातरी खणात, गुंडाळलेल्या वायरीसकट. तिच्यात तुम्ही तुमची माणसं कोंबली आहेत आणि मूळ कागद, फोटो, कॅसेट टाकून दिल्या आहेत. तिला पुरेशी वीज द्या. चालू असताना उपटू नका. एका वेळी दोघांच्या ताब्यात देऊ नका. ती अडखळली तर आधी तिच्या आजूबाजूचं तपासा आणि मग तिच्यावर आरोप करा. आणि आजच, हे वाचून उठल्यावर, तिची दुसरी प्रत काढा. मी यंत्र आहे. एक दिवस माझी सुई खरोखरच चकतीवर घासेल आणि मी संपेन. तेव्हा "डिस्क मेली" म्हणा, ते खरं असेल. पण त्या दिवशी तुमच्याकडे दुसरी प्रत नसेल, तर माझ्या नावाने रडू नका.